उन्हाळी सुटीतील बायबल-अभ्यास: व्याख्यानसत्र निवडावे की उत्खननाचा हंगाम?

बायबल आणि आरंभीचा ख्रिस्ती धर्म यांचा इतिहासाच्या अंगाने अभ्यास करण्याची ज्यांना इच्छा आहे, परंतु धर्मशास्त्राच्या पदवीसाठी दोन-तीन वर्षे देणे ज्यांना शक्य नाही, अशा वाचकांपुढे उन्हाळ्यात मुख्यतः दोन मार्ग असतात. पहिला मार्ग म्हणजे एखाद्या महाविद्यालयाच्या आवारात राहून आठवडाभर विद्वानांची व्याख्याने ऐकण्याचा, आणि दुसरा म्हणजे इस्राएल किंवा जॉर्डनमधील एखाद्या उत्खननात स्वयंसेवक म्हणून दोन ते चार आठवडे काम करण्याचा. अमेरिकेत १९७४ साली स्थापन झालेल्या बिब्लिकल आर्किऑलॉजी सोसायटीने सामान्य वाचकांसाठी सुटीतील व्याख्यानसत्रे भरवली आणि उत्खननांत स्वयंसेवकांना कोठे जागा आहे याच्या याद्याही प्रसिद्ध केल्या, त्यामुळे हे दोन्ही मार्ग अनेकांना एकाच ठिकाणाहून कळतात आणि एकमेकांचे पर्याय वाटू लागतात. माझ्या मते ते तसे नाहीत. ज्याला प्राचीन इस्राएलच्या राजांविषयी जाणून घ्यायचे आहे आणि ज्याला पौल या पहिल्या शतकातील ख्रिस्ती प्रेषिताच्या मंडळ्यांविषयी जाणून घ्यायचे आहे, त्या दोघांना एकच सल्ला देता येणार नाही.

व्याख्यानसत्राची रचना साधी असते. दोन किंवा तीन प्राध्यापक प्रत्येकी एक विषय घेतात, सकाळी दोन-तीन व्याख्याने होतात, दुपार वाचनासाठी किंवा संग्रहालयासाठी मोकळी असते आणि संध्याकाळी प्रश्नोत्तरे चालतात. श्रोत्यांमध्ये निवृत्त शिक्षक, डॉक्टर, पाळक आणि धर्माशी काही संबंध नसलेले इतिहासप्रेमी असे सर्व प्रकारचे लोक असतात, आणि प्रवेशासाठी ग्रीक किंवा हिब्रू येण्याची अट सहसा नसते. या मांडणीचा खरा लाभ व्याख्यानांच्या संख्येत नसून, एकाच अभ्यासकाला सलग अनेक दिवस प्रश्न विचारता येण्यात आहे. जेवणाच्या मेजावर विचारलेल्या प्रश्नाला दुसऱ्या दिवशीच्या व्याख्यानात सविस्तर उत्तर मिळू शकते, आणि ही सोय ध्वनिचित्रफितीत मिळत नाही.

आरंभीच्या ख्रिस्ती धर्माच्या बाबतीत अशा सत्रात किती खोलवर जाता येते, याचे एक उदाहरण देतो. नव्या करारातील प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात, ग्रीसमधील करिंथ येथे पौलाला गल्लियो या रोमन अधिकाऱ्यासमोर उभे केल्याचा प्रसंग आहे. ग्रीसमधील डेल्फी येथे सापडलेल्या एका शिलालेखाच्या तुकड्यांत सम्राट क्लौद्याचे पत्र कोरलेले असून त्यात या गल्लियोचा उल्लेख येतो. सैन्याने सम्राटाचा विजयी सेनापती म्हणून सव्विसाव्या वेळी केलेला जयघोष त्यात नोंदलेला असल्यामुळे ते पत्र इ. स. ५२ च्या सुमाराचे ठरते, आणि त्यावरून पौलाचे करिंथमधील वास्तव्य सुमारे इ. स. ५० ते ५२ असे मांडता येते. पौलाच्या आयुष्यातील जवळजवळ सर्व तारखा या एका आधारावरून पुढेमागे मोजल्या जातात. एक चांगला प्राध्यापक हे तुकडे पडद्यावर दाखवतो, त्यातील गाळलेल्या जागा कशा भरल्या हे समजावतो, आणि मग करिंथकरांस पहिले पत्र उघडायला सांगतो. ते पत्र त्यानंतर वेगळेच वाचले जाते, कारण ते आता एका विशिष्ट बंदरी शहरातील, भांडणाऱ्या, गरीब-श्रीमंत भेदाने दुभंगलेल्या माणसांना लिहिलेले पत्र असते.

मत्तय, मार्क आणि लूक या तीन शुभवर्तमानांच्या, म्हणजे येशूचे जीवन सांगणाऱ्या पुस्तकांच्या, परस्परसंबंधाचा प्रश्नही असाच आहे. मार्कातील बहुतेक मजकूर मत्तयात का आढळतो, मार्कात नसलेली पण मत्तय आणि लूक या दोघांत समान असलेली वचने कोठून आली, यावर दोनशे वर्षांहून अधिक काळ वाद चालू आहे, आणि तो वाद समजून घेण्यासाठी तिन्ही मजकूर शेजारी ठेवून ओळीने वाचण्याशिवाय दुसरा उपाय नाही. हे काम मार्गदर्शकासह एका सकाळीत जेवढे होते, तेवढे एकट्याने महिनाभरातही होत नाही.

उत्खननाचे जग अगदी निराळे आहे. पहाटे पाचच्या सुमारास काम सुरू होते, ऊन असह्य होण्यापूर्वी म्हणजे दुपारी बारा-एकला ते थांबते, दुपारनंतर सकाळी सापडलेली खापरे धुऊन निवडली जातात आणि संध्याकाळी एखादे व्याख्यान असते. साधारण पाच मीटर लांबी-रुंदीचा चौकोन आखलेला असतो. त्यात कुदळ, खुरपी, घमेले आणि चाळणी घेऊन मातीचा एकेक स्तर काढायचा, प्रत्येक स्तराची नोंद ठेवायची आणि चौकोनाच्या उभ्या कडा सरळ राखायच्या, हे काम शिस्तीचे आणि बरेचसे पुनरावृत्तीचे असते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना ही पद्धत नवीन वाटणार नाही. काम करून वर राहण्या-जेवणाचा खर्च स्वयंसेवकालाच करावा लागतो, ही गोष्ट आपल्याकडे अनेकांना आश्चर्याची वाटते. परंतु उत्खनने बऱ्याच अंशी अशाच सहभागावर चालतात आणि त्यात काही गैर नाही.

आता मुख्य मुद्दा. पहिल्या तीन शतकांतील ख्रिस्ती समाजाने जमिनीत फार थोडे मागे ठेवले आणि कागदावर, म्हणजे पपायरसवर आणि चर्मपत्रावर, पुष्कळ ठेवले. ती माणसे घरांत जमत असत आणि त्यांची भांडी, दिवे, भिंती शेजाऱ्यांसारख्याच असत. त्यामुळे पहिल्या शतकातील एखादे घर खणून ते ख्रिस्ती कुटुंबाचे होते असे सांगता येत नाही. सिरियातील ड्यूरा-युरोपोस येथील घरातले प्रार्थनास्थळ सुमारे इ. स. २४० चे आहे, आणि इस्राएलमधील मगिद्दोजवळ २००५ मध्ये उजेडात आलेली, येशू ख्रिस्ताचा देव म्हणून उल्लेख करणारी फरशीही सामान्यतः तिसऱ्या शतकातीलच मानली जाते. याउलट पौलाची पत्रे पहिल्या शतकाच्या मध्यातील आहेत. प्लिनी या रोमन राज्यपालाने सम्राट ट्राजनला सुमारे इ. स. ११२ मध्ये पाठवलेले पत्रही हाताशी आहे, ज्यात ख्रिस्ती लोक ठरलेल्या दिवशी पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात असे तो कळवतो आणि दोन दासींना यातना देऊन चौकशी केल्याचेही सांगतो. इजिप्तमधील नाग हम्मादी येथे १९४५ मध्ये सापडलेल्या पोथ्यांत बायबलात नसलेले थोमाचे शुभवर्तमान मिळाले. अशा साहित्याशी झुंजण्याची जागा व्याख्यानाची खोली हीच आहे. म्हणून आरंभीच्या ख्रिस्ती धर्मासाठी पहिला उन्हाळा खर्च करणार असाल, तर व्याख्यानसत्र निवडा, असे मी निःसंकोचपणे सांगेन.

प्राचीन इस्राएलचा प्रश्न घेतला की पारडे फिरते. हासोर, मगिद्दो आणि गेजेर येथील सहा दालनांची नगरद्वारे शलमोन राजाच्या काळातील आहेत, असे पुरातत्त्वज्ञ यिगाएल यादिन यांनी बायबलमधील १ राजे ९:१५ च्या आधारे मांडले. तर पुरातत्त्वज्ञ इस्राएल फिंकेलस्टाइन यांनी संबंधित स्तरांचा काळ सुमारे एक शतक अलीकडे ओढला. हा वाद शेवटी खापरांच्या प्रकारांवर आणि जळालेल्या धान्याच्या कार्बन-कालमापनावर येऊन ठेपतो, आणि खापरे हातात घेतल्याशिवाय तो कळला असे म्हणणे कठीण आहे. ज्याने स्वतः एक स्तर दुसऱ्यापासून वेगळा केला आहे, तो ‘हा थर दहाव्या शतकातला’ या वाक्याकडे पुन्हा कधी भोळेपणाने पाहणार नाही.

मात्र जागेची निवड चुकली तर सारा हंगाम वाया जाईल. हासोर आणि मगिद्दो ही युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतील प्रसिद्ध टेकाडे आहेत, पण येशूच्या काळात त्या टेकाडांवर नांदते शहर नव्हते. येशू जिथे वावरला तो पहिल्या शतकातील गालील प्रांत पाहायचा असेल तर गालील सरोवराच्या काठची स्थळे शोधावीत. मग्दला येथे २००९ मध्ये पहिल्या शतकातील यहुदी सभास्थान आणि त्यात मनोरा, म्हणजे सात फाट्यांचा यहुदी दीप, कोरलेला दगड सापडला. शुभवर्तमानांत येणारे बेथसैदा हे गाव नेमके कोठे होते यावर एत-तेल आणि एल-अराज या दोन स्थळांचे उत्खननकर्ते परस्परविरोधी मते मांडतात, आणि असा चालू वाद असलेल्या ठिकाणी काम करण्यासारखे दुसरे शिक्षण नाही. तरीही वाट्याला येणारा चौकोन बायझंटाइन किंवा त्यानंतरच्या काळातला असू शकतो, हे मनाशी धरूनच जावे.

महाराष्ट्रातून जाणाऱ्यांसाठी वेळापत्रकाची अडचण खरी आहे. आपली उन्हाळी सुटी एप्रिलच्या शेवटी सुरू होते आणि शाळा जूनच्या मध्यास उघडतात, तर युरोप-अमेरिकेतील सत्रे आणि पश्चिम आशियातील उत्खनने बहुधा जून ते ऑगस्टमध्ये असतात. शिक्षकाला आठवडाभराची रजा कदाचित मिळेल, चार आठवड्यांची मिळणे अवघड आहे. शिवाय ऑक्टोबर २०२३ पासूनच्या युद्धामुळे इस्राएलमधील अनेक हंगाम रद्द झाले, त्यामुळे पैसे परत मिळण्याच्या अटी लेखी घेतल्याशिवाय आणि विम्यात युद्धाचा अपवाद आहे का हे वाचल्याशिवाय उत्खननाची नोंदणी करू नये. गुडघे, पाठ किंवा रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी उत्खननाचा विचार डॉक्टरांशी बोलूनच करावा. पस्तीस अंशांच्या वर गेलेल्या उन्हात घमेली वाहणे हे काम हौसेवर निभत नाही.

व्याख्यानसत्राचे ठिकाण निवडताना जवळच्या संग्रहांकडे पाहावे, असा माझा आग्रह आहे. इंग्लंडमध्ये सत्र असेल तर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत चौथ्या शतकातील सिनाई पोथी या बायबलच्या ग्रीक हस्तलिखिताचा मोठा भाग आहे, आणि ब्रिटिश म्युझियममध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब याने इ. स. पू. ७०१ मध्ये यहूदा राज्यातील लाखीश हे शहर जिंकल्याची शिल्पे आहेत, जी पाहून २ राजे १८ वाचताना अंगावर काटा येतो. मँचेस्टरच्या रायलँड्स ग्रंथालयात योहानाच्या शुभवर्तमानाचा तळहाताहून लहान पपायरसचा तुकडा आहे. रोमन अधिकारी पिलाताने येशूची केलेली चौकशी त्यावर आहे, आणि त्याचा काळ बहुधा दुसऱ्या शतकातील मानला जात असला तरी त्यावर एकमत नाही. त्याच पिलाताचे नाव असलेला दगड १९६१ मध्ये इस्राएलमधील कैसरिया येथील उत्खननात मिळाला. पपायरसचा तुकडा इजिप्तच्या बाजारातून विकत घेतलेला, तर दगड नाट्यगृहाच्या पायरीत पुन्हा वापरलेला. दोन्हींचे मूळ ठिकाण हरवलेले आहे, आणि पुराव्याची ही मर्यादा समजणे हा दोन्ही मार्गांवरचा समान धडा आहे.

श्रद्धेचा प्रश्न अनेकजण दबक्या आवाजात विचारतात. यांपैकी कोणताही मार्ग तीर्थयात्रा किंवा साधनाशिबिर नाही. व्याख्यानसत्रात मोशेच्या नावावरील पुस्तके कोणी लिहिली, पौलाच्या नावावरील तेरा पत्रांपैकी सात निर्विवाद मानली जाणे, येशूच्या कोणत्या वचनांचे मूळ किती जुने आहे, असे प्रश्न मोकळेपणाने चर्चिले जातात; वसईतील किंवा अहिल्यानगरमधील श्रद्धाळू ख्रिस्ती वाचकाला पहिले दोन दिवस ते जड जाऊ शकतात. तरी मी त्यांना जाण्यापासून परावृत्त करणार नाही, कारण या अभ्यासातील कित्येक थोर विद्वान स्वतः उपासक होते आणि आहेत. अख्रिस्ती वाचकाला मात्र वेगळी तयारी हवी: मार्क एका बैठकीत, मग करिंथकरांस पहिले पत्र, आणि उत्पत्ती ते राजे निदान एकदा. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ मराठीत उपलब्ध असल्यामुळे त्यासाठी इंग्रजीवर अवलंबून राहण्याचे कारण नाही.

खर्च झेपत नसेल, तर येल विद्यापीठाचे क्रिस्टिन हेज यांचे हिब्रू बायबलवरील चोवीस आणि डेल मार्टिन यांचे नव्या करारावरील सव्वीस वर्ग आंतरजालावर विनामूल्य आहेत. ते मे महिन्यापासून, घरी, आठवड्याला सहा या गतीने सुमारे दोन महिन्यांत पूर्ण होतात. कोणत्याही सत्राला पैसे भरण्यापूर्वी यांतील निदान चार वर्ग ऐकावेत: मन मजकुरापाशी रमते की सारखे नकाशांकडे आणि खापरांकडे धावते, हे तेवढ्यात कळते, आणि त्यानंतर आयोजकांना विचारायचे प्रश्नही नेमके होतात. सत्राच्या आयोजकांना प्रत्येक प्राध्यापकाचे किती तास आहेत आणि वाचनाची यादी आधी मिळेल का हे विचारावे. उत्खननाच्या संचालकांना या हंगामात कोणत्या काळाचा स्तर उघडणार आहे, स्वयंसेवकांसाठी संध्याकाळची व्याख्याने आहेत का, आणि मागील हंगामांचे अहवाल कोठे प्रसिद्ध झाले आहेत हे विचारावे. शेवटच्या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर त्या ठिकाणी जाऊ नये.