उंच दावण की झटक्याचं कुंपण? ऑरेगनच्या जंगलात आणि किनाऱ्यावर एक मोसम वापरल्यावर

अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात घोडे घेऊन कॅम्पला गेलं की त्यांना बांधायचं की कुंपणात ठेवायचं, हा प्रश्न पडतो. आधी निकाल. जंगलातल्या कॅम्पसाठी हायलाइन, म्हणजे दोन झाडांमध्ये डोक्यावरून ताणलेली दावण, घ्या. बॅटरीवरचं सुटसुटीत कुंपण घरी गवताच्या रानात उत्तम चालतं, डोंगरात बरं चालतं आणि समुद्रकिनाऱ्याच्या कोरड्या वाळूत जवळपास निकामी ठरतं. किनाऱ्यावरच्या बहुतेक घोडा-कॅम्पमध्ये पक्के कठडे, म्हणजे घोडा आत सोडायची फळ्यांनी बंद केलेली आवारं, असतात, त्यामुळे तिथे दोन्हींची फारशी गरज पडत नाही. मात्र तिथला त्रास वेगळा आहे, तो पुढे येईलच.

वापर कुठे झाला ते सांगतो, कारण त्यावर बरंच अवलंबून आहे. जंगलात: पोर्टलँडपासून पन्नासेक किलोमीटरवरच्या स्टब स्टुअर्ट पार्कमधला हेअर्स कॅन्यन कॅम्प, क्लॅटसप जंगलातला नॉर्थरप क्रीक, माउंट हूडकडचा जो ग्रॅहम आणि बेंड गावाच्या वरच्या अंगाला क्विन मेडो. किनाऱ्यावर: नेहेलम बे, बँडनजवळचा बुलर्ड्स बीच आणि नॉर्थ बेंडजवळ वाळूच्या टेकड्यांतला वाइल्ड मेअर. घोडे दोन, प्रत्येकी साडेचारशे ते पाचशे किलोंच्या दरम्यान. दोघंही आधीपासून बांधून राहायला शिकलेले. हे महत्त्वाचं आहे, कारण बांधल्यावर मागे खेचणाऱ्या घोड्याचा कोणत्याही सेटने कॅम्पमध्ये इलाज होत नाही.

हायलाइनच्या सेटमध्ये पन्नास-साठ फूट दोर, झाडांना गुंडाळायचे दोन नवारीचे पट्टे आणि दोरात गाठ न मारता अडकवायच्या, खाली फिरकी असलेल्या कड्या येतात. दोर पॉलिएस्टरचाच हवा, अर्धा इंच जाडीचा. नायलॉन स्वस्त मिळतो, पण ओला झाला की ताणतो. ऑरेगनच्या पश्चिम भागात रात्रीचं दव आणि धुकं कोरड्या महिन्यांतही चुकत नाही. संध्याकाळी तारेसारखा ताठ केलेला नायलॉनचा दोर सकाळी झोळीसारखा लोंबतो, आणि झोळ पडला की घोड्याचा पाय दोरीवरून पलीकडे जायला वेळ लागत नाही.

पट्टे दोन ते तीन इंच रुंद असतात ते ठीक, पण लांबीकडे पाहा. दोन फूट जाडीच्या डग्लस फर झाडाचा घेर सव्वासहा फूट भरतो. सेटसोबत येणारा सहा फुटी पट्टा तिथे पोचतच नाही. मग लोक उरलेल्या भागात नुसता दोर गुंडाळतात आणि तो सालीत रुततो. साल कापली गेली तर झाडाचं नुकसान होतंच, शिवाय अनेक कॅम्पमध्ये झाडाला थेट दोर बांधायला मनाईच आहे. दहा फुटी पट्टे वेगळे विकत घ्या. या सेटमधली ही पहिली उणीव.

बांधायची रीत अशी. किमान आठ इंच जाडीची, जिवंत, एकमेकांपासून पंचवीस ते तीस फुटांवरची दोन झाडं निवडायची. चाळीस फुटांच्या पुढे गेलात तर कितीही ताणा, मधे झोळ पडणारच. झाडं निवडताना आधी वर बघायचं: अडकून राहिलेली मेलेली फांदी वाऱ्याने खाली येते. मग खाली बघायचं: आवाक्यात रोडोडेंड्रॉन नको. किनारपट्टीच्या जंगलात त्याची झुडपं मुबलक आहेत आणि ती घोड्याला विषारी आहेत. कंटाळलेला घोडा रात्री तोंडाशी येईल ते खुडतो. घोडा पूर्ण ताणून जिथवर पोचेल त्याच्याही पुढे दोन-तीन फूट मोकळी जागा ठेवावी.

पट्टे आठ फुटांवर बांधायचे, म्हणजे घोड्याने ओढल्यावरही मधला भाग सात फुटांच्या खाली येत नाही. एवढ्या उंचीवर हात पोचत नाही, म्हणून पिकअपच्या मागच्या फळीवर उभं राहावं किंवा घोड्यावर चढायचा ठोकळा वापरावा; उलटी बादली नको. दोराचं एक टोक पक्कं करायचं. दुसऱ्या बाजूला दोरातच एक फास घेऊन, टोक पट्ट्याच्या कडीतून फिरवून त्या फासातून परत खेचायचं, मालट्रकवर ताडपत्री आवळतात तसं. शेवटची गाठ सुरगाठच हवी. निरगाठ मारलीत तर ताणलेल्या ओल्या दोरात ती रात्री दोन वाजता सुटत नाही, आणि नेमकी तेव्हाच सोडावी लागते. दोर कापायला चाकू हाताशी असावाच.

कड्या दोरावर कुठे बसवायच्या? झाडापासून कमीत कमी सहा फूट आणि दोन घोड्यांमध्ये दहा ते बारा फूट. घोडा झाडाजवळ पोचला की खुरांनी मुळं उकरतो आणि दोरी खोडाभोवती गुंडाळून घेतो. कडीतून खाली सोडलेल्या दोरीचं मोरखीला (घोड्याच्या तोंडावर चढवलेल्या बांधणीला) लागणारं टोक घोड्याच्या गुडघ्याच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून साधारण दीड फुटावर लोंबावं. इतक्या लांबीत त्याला खाली ठेवलेलं गवत खाता येतं, बसता येतं, पण पाय दोरीवरून टाकता येत नाही. 'बिचाऱ्याला थोडी मोकळीक' म्हणून दोरी सैल सोडण्याचा मोह सगळ्यांना होतो. पायाला दोरीने सोलून जखमा होतात त्या याच दयेपोटी.

आता तक्रारी. कड्या कोरड्या दोरावर घट्ट बसतात, ओल्या दोरावर सरकतात. दोराचा एक वेढा जास्त घेतला की थांबतात, पण सोबतच्या कागदावर ते लिहिलेलं नाही. फिरकी साध्या मुलामा दिलेल्या लोखंडाची आहे. जंगलात तिला काही होत नाही, पण किनाऱ्याच्या मुक्कामांनंतर ती कुरकुरायला लागली आणि मोसम संपता संपता एक पूर्ण जाम झाली. फिरकी अडकली की दोरीला पीळ पडतो, पीळ पडला की दोरी आखूड होते आणि घोड्याचं तोंड गवतापर्यंत पोचत नाही. त्यामुळे सकाळी घोडा चिडका का, याचं उत्तर बऱ्याचदा फिरकीत सापडतं. स्टेनलेस स्टीलच्या कड्या वेगळ्या घेऊन बदलता येतात. मोरखीच्या दोरीचे हूक पितळी असतील तर उत्तम.

कुंपणाच्या पिशवीत फायबरग्लासच्या काठ्या, बारीक तारा विणलेल्या अर्धा इंची पट्टीची गुंडाळी आणि टॉर्चच्या दोन सेलवर चालणारं छोटं झटका मशीन होतं. रानडुकरांसाठी गावाकडे शेताला जे लावतात त्याचाच हा धाकटा भाऊ, शक्तीने फारच धाकटा. १६० फूट पट्टीत चाळीस बाय चाळीस फुटांचा चौक होतो आणि दर दहा फुटांवर काठी धरली तर सोळा काठ्या लागतात. चौकात घोडा फिरतो, लोळतो, त्याचे पाय सुजत नाहीत. दावणीवर रात्रभर उभ्या राहिलेल्या घोड्याच्या मागच्या पायांना सकाळी सूज दिसते, ती चालवल्यावर उतरते. या एका बाबतीत कुंपण नक्कीच सरस आहे.

पण कुंपण घोड्याला अडवत नाही, त्याची आठवण अडवते. घरी झटका खाऊन पट्टीला मानायला शिकलेल्या घोड्यासाठीच ते आहे. रात्री एल्कचा (मोठ्या हरणांचा) कळप जवळून गेला किंवा शेजारचा घोडा बिथरला, तर ती पट्टी म्हणजे नुसती फीत. म्हणून रस्त्याजवळच्या कॅम्पमध्ये त्यावर रात्र काढू नये. आम्ही ते दिवसा चरायला वापरतो आणि अंधार पडला की घोडे दावणीवर घेतो.

शिवाय झटका लागायला वीज घोड्याच्या अंगातून जमिनीत आणि जमिनीतून मशीनच्या अर्थिंगच्या सळईत परतायला हवी. पाइनच्या सुयांचा कोरडा थर किंवा क्विन मेडोच्या बाजूची ज्वालामुखीची भुसभुशीत माती यांतून ती नीट परतत नाही. टेस्टर घ्या, अंदाजावर जाऊ नका. घोड्यासाठी पट्टीवर दोन ते तीन हजार व्होल्ट तरी दिसायला हवेत. कमी दिसले तर आधी पट्टीला टेकलेलं ओलं गवत कापा, मग सळई ओलसर सखल जागी ठोका आणि तिच्या बुंध्याशी बादलीभर पाणी ओता. ट्रेलरच्या सांगाड्याला अर्थिंग जोडण्याचा सल्ला कुणी दिला तर दुर्लक्ष करा. टायर रबराचे आहेत.

किनाऱ्यावर तर सगळंच उलटं होतं. वरची वाळू कोरडी, वीज वाहत नाही. काठ्यांचे खिळे वाळूत धरत नाहीत. दुपारी वायव्येचा वारा सुटला की पट्टी फडफडते आणि तिच्यातल्या बारीक तारा काठीच्या खाचेपाशी तुटतात. दोन काठ्यांच्या मध्ये पट्टीला एक-दोन पीळ दिले तर फडफड बरीच कमी होते. त्यातून खारं धुकं काठ्यांच्या प्लास्टिकवर बसून वीज गळते, अंधारात टिकटिक ऐकू येते. पट्टीच्या दोन ओळी लावून एक मशीनला आणि एक अर्थिंगला जोडली, तर दोन्हींना एकदम शिवल्यावर झटका बसतो आणि वाळूचा प्रश्न सुटतो. पण तेवढा खटाटोप करण्यापेक्षा कॅम्पमधला पक्का कठडा बरा.

दावणीसाठीही वाळूत झाडं मिळत नाहीत. किनारी पाइन बारीक, वाकडे आणि उथळ मुळांचे असतात. दावणीचा ताण त्यांना झेपत नाही. म्हणून नेहेलम बे, बुलर्ड्स बीच, वाइल्ड मेअर अशा ठिकाणी कठडा असलेली जागाच आरक्षित करावी. घोडा आत सोडण्यापूर्वी कठड्याला एक फेरी मारा: वर आलेला खिळा, सैल फळी, दाराची खिट्टी. हुशार घोडे खिट्टी उघडतात, म्हणून दाराला वरून एक जादा साखळी आणि हूक लावून ठेवावा.

किनाऱ्याचा खरा धोका मात्र पोटात आहे. वाळूवर टाकलेलं गवत खाताना घोडा वाळूही गिळतो. ती मोठ्या आतड्यात साचते आणि पोटशूळ उठतो. गवत नेहमी खोलगट टबात किंवा जाळीत, दाणा तोबऱ्यात, आणि टबाखाली रबरी चटई, कारण सांडलेले तुकडे तो शेवटी वेचतोच. तपासणी सोपी आहे. जमिनीला न लागलेले लिदीचे पाच-सहा गोळे पारदर्शक पिशवीत घ्या, लिटरभर पाणी घालून हलवा आणि पंधरा-वीस मिनिटं टांगून ठेवा. तळाशी चमचाभर वाळू बसली तर परतीचं ठरवा आणि व्हेटला, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरला, फोन करा. इसबगोल बरेच जण देतात. डोस व्हेटला विचारून द्यावा, आणि जमिनीवरचं खाणं बंद केलं नाही तर त्याचा उपयोग शून्य.

पुळणीवर उतरण्याआधी भरती-ओहोटीचं कोष्टक पाहा. इथे दिवसातून दोन भरत्या येतात आणि त्या सारख्या उंचीच्या नसतात. ओहोटीच्या दोन तास आधी निघालात तर टणक, ओली वाळू मिळते. कोरड्या मऊ वाळूत दौड म्हणजे पायांच्या शिरांवर भार. ओढ्याच्या मुखाशी वाळू फसवी असते, तिथे उतरून आधी पायाने चाचपावं. पाठ कधीही समुद्राकडे नको: अचानक लांबवर चढणारी लाट वाहून आलेले ओंडके उचलते. १५ मार्च ते १५ सप्टेंबर हा स्नोई प्लोव्हर पक्ष्याच्या घरट्यांचा काळ. नेहेलमच्या वाळूपट्ट्यासह पाट्या लावलेल्या सर्व भागांत कोरडी वाळू बंद असते आणि घोडे ओल्या वाळूवरूनच न्यावे लागतात.

वैरणीचा हिशोब: वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे अशा घोड्याला दिवसाला सात ते दहा किलो. ऑरेगनमधल्या राष्ट्रीय जंगलांत तणाच्या बियांपासून मुक्त असल्याचं प्रमाणपत्र असलेली वैरण किंवा पेलेट (दाबून केलेल्या खाद्याच्या गोळ्या) लागतात. घरचं गवत तोडून एकदम ती सुरू केली तर पोट बिघडतं, म्हणून आठवडाभर आधीपासून थोडी थोडी मिसळावी. पाणी दिवसाला वीस ते चाळीस लिटर, उकाड्यात अधिक. अनोळखी पाण्याला घोडे नाक मुरडतात. पहिल्या रात्रीपुरतं घरचं पाणी कॅनमधून नेलं की प्रश्न मिटतो. लीद रोज वीस किलोंच्या आसपास, त्यामुळे पंजा आणि टोपली हवीच. कॅम्पच्या ठरलेल्या जागेतच टाकायची आणि दावणीखाली उकरलेले खड्डे निघण्यापूर्वी बुजवायचे. क्विन मेडो पाच हजार फुटांच्या आसपास आहे. तिथे जूनमध्ये बर्फ असू शकतो, आणि बर्फ वितळला की डास येतात, तेव्हा घोड्यांच्या तोंडावरच्या जाळ्या विसरू नका.

किनाऱ्याहून आल्यावर पाय, पोट आणि तंगाखालची (खोगीर आवळायच्या पट्ट्याखालची) जागा गोड्या पाण्याने धुवा. मीठ आणि वाळू तंगाखाली राहिली तर दुसऱ्या दिवशी कातडी सोलते. ट्रेलरची जमीन रबर उचलून धुवा, नाहीतर अॅल्युमिनियमवर पांढरे चट्टे पडतात. मोसम संपल्यावर दोर आणि पट्टे साध्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवा. दोर हातातून सरकवत चाचपा. कुठे चपटा किंवा कडक लागला तर नवा घ्या. फिरक्यांना तेलाचा थेंब द्या आणि झटका मशीनमधले सेल काढून ठेवा, कारण ते हिवाळ्यात गळतात.