सड्यावर घर की खाली आगरात? मी आधी शोषखड्डा बघतो

कोकणात घरासाठी जागा बघायला येणारे रस्ता, वीज, सातबारा आणि समुद्र दिसतो का एवढं बघतात, ते बघाच, सीआरझेडचंही (किनाऱ्याजवळच्या बांधकामाचे नियम) नीट विचारून घ्या, मी इथे फक्त जमिनीबद्दल बोलतोय. एकीकडे वरचा कातळ सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार, दुसरीकडे गुहागर, मुरुड, आंजर्ल्याकडे असते तशी किनाऱ्यालगतची वाळूची जमीन, जिथे नारळ-पोफळीची आगरं असतात. आमचं जुनं घर खाली आगरात आहे आणि मी बांधलं ते वर, त्यामुळे पावसाळे दोन्हीकडचे काढलेत.

बागेत खालची जमीन सरळ जिंकते, वादच नाही. नारळ, पोफळी, त्यांच्यावर मिरीचे वेल, मधे जायफळ, कडेला केळी नि अळू, आणि विहीर हाताशी. वाळू पाणी धरत नाही म्हणून शिंपणं काही चुकत नाही, आणि एप्रिल-मेमध्ये उपसा जास्त झाला की काही विहिरी मचूळ होतात, तेवढं सोडलं तर मजा आहे. वर एक कलम लावायचं तर ब्रेकर लावून मीटरभर लांब-रुंद-खोल खड्डा फोडा, मग माती विकत आणून भरा, त्यात जांभ्याची माती आंबट, स्फुरद (फॉस्फरस) धरून बसते नि झाडाला देत नाही, म्हणजे शेणखत-पालापाचोळा सढळ हाताने घालायला लागतो. हापूस आणि काजू मात्र मुळाशी पाणी साचत नाही म्हणून खूश असतात. नारळाची हौस असेल तर वर येऊ नका.

बांधकामाला मला वरचं सोपं वाटलं. जोत्यासाठी फार खोल जावं लागत नाही, फक्त कातळाखाली कधीकधी पोकळी असते, तेव्हा कॉलमच्या जागा ठोकून बघायला सांगा. चिरा, म्हणजे भिंतीचा जांभा दगड, खाणीतून आला की मऊ असतो, उन्हावाऱ्यात कडक होतो, त्यामुळे ट्रक उतरला नि लगेच भिंत चढवली असं करू नका. खाली वाळूत पाया रुंद घ्यावा लागतो आणि खारं वारं खिडकीचे गज खाऊन टाकतं, तेही चालवून घेतलं असतं.

पण संडास. खाली जुलैत विहिरीचं पाणी इतकं वर येतं की वाकून कळशी बुडवता येते, मग संडासाच्या टाकीतून बाहेर येणारं पाणी जिरवायला त्याच जमिनीत खणलेला शोषखड्डा ते शोषणार कुठे, तो स्वतःच विहीर झालेला असतो. चार दिवस झोडपून पाऊस लागला की फ्लश केल्यावर पाणी आधी भांड्यात वर चढतं, गुडगुडतं, आणि मग सावकाश उतरतं, बाथरूमच्या जाळीतून वास येतो तो वेगळाच. आणि हे नेमकं गणपतीत, सगळे चाकरमानी घरी, सकाळी संडासापुढे रांग, आणि आतून कुणीतरी ओरडतंय की पाणी जात नाहीये. बरं, भर पावसात टाकी उपसून घ्यावी तर तीही भीती, रिकामी झालेली टाकी खालच्या पाण्याने उचलली जाऊ शकते, म्हणजे दिवाळीपर्यंत गप्प बसायचं. त्यात आगरं लांबट नि अरुंद, शोषखड्डा विहिरीपासून निदान १८ मीटर हवा असं नियम सांगतो, तुमची विहीर सांभाळली तर शेजाऱ्याची जवळ येते.

वरही सगळं आलबेल नाही हं. कातळाचा वरचा थर इतका घट्ट की आमच्या खड्ड्यात ओतलेलं पाणी दुसऱ्या दिवशीही तसंच होतं. उलट जिथे भेग लागते तिथे पाणी बघता बघता गायब होतं, लोक खूश होतात, पण ते न गाळता सड्याच्या पायथ्याच्या झऱ्यांना नि विहिरींना जाऊन मिळू शकतं, म्हणजे आपली घाण खालच्या वाडीच्या कळशीत. म्हणून मी टाकी तीन कप्प्यांची, गळती नसलेली केली आणि बाहेर पडणारं पाणी वाळू-खडीच्या उंच वाफ्यात कर्दळीला सोडलं. खर्च वाढला, ब्रेकरवाल्याने तर चांगलंच कापलं, पण पावसाळाभर फ्लश मुकाट जातो.

वरची खरी अडचण पाणी. ३००० मिलिमीटर पाऊस धरला तरी हजार चौरस फुटांच्या छपरावर पावणेतीन लाख लिटर पडतं, पण मेपर्यंत साठवणार कशात? थोडं साठवतो, बाकी टँकर. ज्यांना रोज झाडांत हात घालायचाय त्यांना हे कदाचित जमणार नाही, त्यांनी खाली घ्यावं.

फक्त खाली घेतलंत तर जागा जुलै-ऑगस्टमध्ये बघा, शेजारच्या विहिरीत डोकावा, आणि संडासाचं जोतं नि टाकी जमिनीच्या वर उचलून बांधा, गवंडी दिसायला वाईट दिसेल म्हणून कुरकुर करेल, त्याचं ऐकू नका.