नव्या बाथरूमची गळती: स्वतः काढायची, प्लंबरला बोलवायचं की गवंड्याला?

बाथरूम स्वतः बसवलं, पाणी सोडलं आणि कुठेतरी ओल दिसली, तर पाना हातात घ्यायच्या आधी पाणी नेमकं कधी येतं तेवढं बघा. निम्मा निर्णय तिथेच होतो.

कोणी नळ वापरत नसतानाही ठिबकत असेल, तर गळती पुरवठ्याच्या लाइनला आहे. फक्त अंघोळीनंतर ओल वाढत असेल, तर वेस्ट लाइन (सांडपाण्याचा पाइप) किंवा फरशी तपासा. गिझर तापल्यावरच ओल येत असेल, तर गरम पाण्याची लाइन. काही घरांत बाथरूमचा एखादा नळ थेट महापालिकेच्या कनेक्शनवर असतो. तिथे पाणी सुटायच्या वेळेलाच भिंत पाझरते, कारण टाकीच्या पाण्यापेक्षा त्या लाइनला दाब वेगळा असतो.

खात्री करायला प्लंबर लागत नाही. टाकीत येणारं पाणी बंद करा, घरातले सगळे नळ मिटवा, टाकीला पातळीची खूण करा आणि सकाळी बघा. पातळी उतरली असेल, तर दुसऱ्या रात्री बाथरूमचा मुख्य कॉक बंद ठेवून पुन्हा तेच करा. आता पातळी टिकली, तर गळती बाथरूमच्याच लाइनला आहे. मग फक्त गिझरला जाणारा कॉक बंद करून गरम आणि थंड वेगळं काढता येतं. फरशीसाठी नहाणी ट्रॅपचं (फरशीतल्या जाळीखालच्या निचऱ्याचं) तोंड घट्ट बुजवा, बोटभर पाणी साठवा आणि २४ तास थांबा. कोल्हापुरात जुलै-ऑगस्टमध्ये ही तपासणी टाळूच नका. पेठांमधल्या जुन्या मातीकामाच्या भिंती पावसाचं पाणी ओढून घेतात, आणि ती ओल नळाची समजून चांगल्या टाइल्स फोडल्या जातात.

दिसणारा जॉइंट: स्वतःच काढा

अँगल कॉक, शॉवरचा दांडा, फ्लश टाकीचा कनेक्शन पाइप, बेसिनखालचा बॉटल ट्रॅप. इथे प्लंबर जे करेल तेच तुम्ही कराल, आणि सामान पन्नास-शंभर रुपयांत येतं. जुनी टेफ्लॉन टेप नखाने पूर्ण काढा. नवी टेप आट्यांच्या दिशेने ओढून गुंडाळा. बाजारातली पातळ टेप असेल तर अर्ध्या इंचाला दहा-बारा वेढे द्या. उलट्या दिशेने गुंडाळलेली टेप आवळताना गोळा होऊन बाहेर येते. कनेक्शन पाइपच्या नटला मात्र टेपचा उपयोग नाही. तिथे पाणी रबरी वॉशर अडवतो, म्हणून वॉशर बदला.

डोरा आणि सफेदा, म्हणजे आट्यांवर गुंडाळायचा दोरा आणि पांढरी पेस्ट, जुन्या जीआय (लोखंडी) पाइपला उत्तम, वर्षानुवर्षं टिकतो. सीपीव्हीसीच्या (गरम पाणीही चालणाऱ्या प्लास्टिक पाइपच्या) आट्यांवर तो लावू नका. जाड डोऱ्याने फिटिंग आतून ताणलं जाऊन चिरतं, आणि काही पेस्ट प्लास्टिकलाच कमकुवत करतात. आवळतानाही तेच. टपटप थांबेना म्हणून पान्याला आणखी अर्धा फेरा दिला की प्लास्टिकचा आटा फुटतो आणि बाहेरचं काम भिंतीत जातं. नळ जिथे जोडायचा तिथे पितळी आट्याचंच फिटिंग घ्या. लक्ष्मीपुरीत सामान घ्यायला जाल तेव्हा जुना तुकडा सोबत न्या.

भिंतीतला जॉइंट: शोध तुमचा, काम प्लंबरचं

इथे माझं मत ठाम आहे. सॉल्व्हंटने (प्लास्टिक पाइप जोडायच्या द्रावाने) चिकटवलेला जॉइंट सुटत नाही आणि वरून पुन्हा सॉल्व्हंट फासून गळती थांबत नाही. सॉल्व्हंट पाइप आणि फिटिंग यांच्या मधल्या पृष्ठभागांना विरघळवून एकजीव करतो. बाहेरचा थर फक्त रंग लावल्यासारखा राहतो. तो भाग कापून नवं फिटिंग आणि दोन कपलर (पाइपचे तुकडे जोडणारे सांधे) टाकावे लागतात. त्यासाठी पाइप थोडा सरकायला हवा, म्हणजे वाटतं त्यापेक्षा मोठी भिंत उघडावी लागते. अरुंद खाचेत पाइप सरळ कापणं, पुसून कोरडा करणं, पूर्ण आत बसवून धरून ठेवणं हे सवयीच्या हाताला जमतं.

दुसरं कारण दाबाचं. दहा मीटर उंचीवरच्या टाकीमुळे साधारण एक बार दाब मिळतो. दुमजली घराच्या तळमजल्यावर तो त्याहून कमीच असतो, त्यामुळे कच्चा जॉइंटही काही महिने तग धरतो आणि पुढे प्रेशर पंप बसवला की सुटतो. प्लंबरकडच्या हातपंपाने लाइनला रोजच्या दाबाच्या किमान दीडपट दाब देऊन दाबमापकाचा काटा उतरतो का ते बघता येतं. बोलावतानाच विचारा: टाइल लावायच्या आधी दाब देऊन दाखवणार का? नाही म्हणणाऱ्याला काम देऊ नका.

गरम लाइनला आणखी जपा. सीपीव्हीसी ९३ अंश सेल्सियसपर्यंतच्या पाण्यासाठी असतो, थंड पाण्याचा साधा यूपीव्हीसी पाइप गरम पाण्यासाठी नसतो; दोन्हींचे सॉल्व्हंटही वेगळे. शिवाय पाणी ५० अंशांनी तापलं तर सीपीव्हीसी मीटरमागे सुमारे ३ मिलिमीटर लांबतो. तो सिमेंटमध्ये घट्ट जखडला असेल, तर सगळा ताण कोपऱ्यातल्या एल्बोवर येतो. म्हणून दुरुस्तीनंतर गरम पाइपाभोवती थोडी मोकळीक राहू द्या.

लाइन तुम्हीच टाकली आहे, हा तुमचा मोठा फायदा. जॉइंट कुठे आहेत हे तुम्हाला माहीत असतं, त्यामुळे दहाऐवजी दोनच टाइल्स निघतात. हाच फायदा वापरून प्लंबरकडून फक्त जोडणी आणि चाचणी करून घ्या. टाइल स्वतः बसवलीत तरी चालेल.

फरशी आणि वेस्ट: गवंड्याकडे

नहाणी ट्रॅपच्या कडेने पाणी मुरत असेल आणि वॉटरप्रूफिंग मुळात ठीक असेल, तर टाइल्सच्या फटी खरवडून इपॉक्सी ग्राउट भरणं पुरतं. वॉटरप्रूफिंगच राहिलं असेल, तर ग्राउटने फक्त वेळ मिळतो. फरशी उघडून कोटिंग भिंतीवर किमान फूटभर चढवायचं, शॉवरच्या बाजूला त्याहून बरंच वर, आणि टाइल्स लावण्याआधी पुन्हा पाणी साठवून बघायचं. इपॉक्सी पुट्टीचा गोळा वेस्ट पाइपला तात्पुरता चालतो, कारण तिथे दाब नसतो. दाबाच्या लाइनवर तो लावून भिंत बंद करू नका.

थांबायचं किती?

सेकंदाला एक थेंब म्हटला तरी दिवसाला चार लिटरच्या आसपास पाणी जातं. ते बादलीत पडत असेल, तर पावसाळा संपेपर्यंत थांबलात तरी चालेल. ओल्या हवेत वॉटरप्रूफिंग नीट सुकतही नाही. फ्लॅटमध्ये स्लॅबमधून मुरत असेल तर थांबू नका, आतलं लोखंड गंजतं. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्यासारखी सामाईक भिंत असेल, तर छिन्नी लावण्याआधी शेजाऱ्यांना बोलावून ओल दाखवा. त्यांच्या बाजूची ओल कुठे आहे त्यावरूनही जागा सापडते. आणि ओल गिझरच्या पॉइंटकडे किंवा स्विचबोर्डकडे सरकत असेल, तर त्या लाइनचा एमसीबी (बोर्डातला सुरक्षा स्विच) आधी पाडा आणि इलेक्ट्रिशियनने बघेपर्यंत तो चालू करू नका.