न्यूक्लिओसाइड की प्रोटीएज इनहिबिटर? अँटीव्हायरल सिंथेसिसमध्ये पीएचडी करणाऱ्यांसाठी

एमएस्सी ऑरगॅनिक झालंय, नेट निघालीये, पुण्याच्या एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा), आयसर किंवा विद्यापीठाच्या डिपार्टमेंटला जागा मिळतेय आणि काम अँटीव्हायरलवरच करायचंय, इथपर्यंत सगळं ठरलेलं असतं. मग गाईड विचारतात न्यूक्लिओसाइड करणार की प्रोटीएज, आणि तिथे गाडी अडते. दोन्हीकडून औषधं बाजारात आलीयेत, पेपर पण दोन्हीकडे होतात, पण रोजचं काम इतकं वेगळं आहे की एकाला जे आवडेल ते दुसऱ्याला वर्षभरात नकोसं होईल, म्हणून सविस्तर लिहितेय.

न्यूक्लिओसाइड म्हणजे व्हायरसच्या पॉलिमरेजला (त्याच्या आरएनए-डीएनएची नक्कल करणारं एन्झाइम) फसवणारा खोटा बिल्डिंग ब्लॉक. असायक्लोविर, एझेडटी, सोफोसबुविर, रेमडेसिव्हिर, मोल्नुपिराविर सगळे ह्याच घरातले. प्रोटीएजचं वेगळं, बरेच व्हायरस आपली प्रोटीनं एका लांब साखळीत बनवतात आणि मग स्वतःच्याच कात्रीने तुकडे करतात, ती कात्री म्हणजेच प्रोटीएज एन्झाइम, ती जाम करायची. एचआयव्हीसाठी 1995 ला सॅक्विनाविर आलं, कोविडसाठी 2021 च्या शेवटी निर्माट्रेलविर.

आता हूडसमोर (विषारी वाफा ओढून घेणारं लॅबमधलं कपाट) काय होतं ते बघा. रेमडेसिव्हिरच घ्या. बेंझिलने प्रोटेक्ट केलेला रायबोनोलॅक्टोन, त्यावर ब्रोमो हेटेरोसायकलपासून ब्युटिल लिथियमने बनवलेला लिथियम स्पीशीज उणे 78 ला सोडायचा, मग टीएमएस सायनाइडने अ‍ॅनोमेरिक कार्बनवर (साखरेचा जिथे बेस जोडलेला असतो तो) सायनो बसवायचा, मग बोरॉन ट्रायक्लोराइडने बेंझिल काढायचे, आणि एवढं झाल्यावर फॉस्फोरामिडेट (पहिला फॉस्फेट झाकून पेशीत नेणारा गट) जोडायचा बाकीच असतो. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यातल्या पाषाणच्या दमट हवेत हे लिथिएशन, म्हणजे लिथियमची स्टेप, करायचं म्हणजे काचेची भांडी रात्रभर ओव्हनमध्ये, टीएचएफ ताजं डिस्टिल केलेलं, आणि तरी यील्ड उन्हाळ्यापेक्षा कमी येऊ शकतं. टीएमएस सायनाइडला ओलावा किंवा अ‍ॅसिड लागलं की हायड्रोजन सायनाइड सुटतो, त्यामुळे ही स्टेप रात्री लॅबमध्ये एकटं असताना अजिबात करायची नाही, हे कळकळीने सांगतेय.

शिवाय साखरेचे बरेच इंटरमीडिएट यूव्हीखाली दिसतच नाहीत, रिअ‍ॅक्शन कुठवर आली ते बघायची टीएलसी प्लेट अ‍ॅनिसाल्डिहाइडमध्ये बुडवून हॉटप्लेटवर जाळली की मग डाग उठतो. अल्फा आणि बीटा अ‍ॅनोमर (त्या कार्बनवरची जोडणी वर की खाली एवढाच फरक) कॉलमवर, म्हणजे शुद्ध करताना, एकमेकांना चिकटून येतात. शेवटचा फॉस्फोरामिडेट झाला की फॉस्फरस एनएमआरमध्ये (रेणूची रचना दाखवणारी तपासणी) बऱ्याचदा दोन पीक, कारण फॉस्फरस पण कायरल, म्हणजे डावा-उजवा असे दोन आकार होणारा, आणि सोफोसबुविर, रेमडेसिव्हिर दोन्हीत बाजारात एकच आयसोमर आहे. पण न्यूक्लिओसाइड म्हटलं की ढीगभर स्टेप्स असंही नाही. मोल्नुपिराविर सिटिडिनपासून दोन स्टेपमध्ये करता येतं, लायपेज एन्झाइमने एस्टर आणि मग हायड्रॉक्सिलअमीन. फार सुंदर रूट आहे तो!

प्रोटीएजकडे काम तुकड्यांचं. निर्माट्रेलविरमध्ये हिपॅटायटिस सीच्या बोसेप्रेविरमध्ये होता तोच सायक्लोप्रोपिल जोडलेला प्रोलिनचा तुकडा, टर्शरी ल्युसिन, ग्लुटामिनच्या जागी लॅक्टम, आणि शेवटी अमाइडमधून पाणी काढून नायट्राइल, जो एन्झाइमच्या सिस्टीन 145 ला (145 व्या जागेवरचं अमिनो अ‍ॅसिड) जाऊन पकडतो. एक तुकडा बदलला की नवीन कंपाऊंड, त्यामुळे कंपाऊंडची लायब्ररी पटापट वाढते. त्रास इथे पण आहे पण तो ओळखीचा असतो, तुकडे जोडायला एचएटीयू हे कपलिंग रिएजंट वापरलं की टेट्रामिथिल युरिया कॉलममध्ये मागे लागतो, बेस जास्त झाला की कायरल सेंटर एपिमराइज होतो, म्हणजे उलटा फिरतो, आणि प्रोलिनवाल्या अमाइडचा एनएमआर काढला की सगळे पीक डबल दिसतात. इम्प्युअर आहे म्हणून परत कॉलम टाकण्याआधी सँपल गरम करून एनएमआर घ्या, पीक एकत्र आले तर ते रोटामर, म्हणजे एकाच रेणूची दोन वळणं.

खरा फरक मात्र सिंथेसिस संपल्यावर कळतो, आणि निवड करताना हाच विचार कमी होतो. प्रोटीएज एन्झाइम ई. कोलायमध्ये बनवता येतं, फ्लुरोसेंट सबस्ट्रेट घेऊन प्लेट रीडरवर टेस्ट होते, जिवंत व्हायरस लागत नाही. आठवड्याभरात आकडा हातात, पुढचं कंपाऊंड कुठलं ते कळतं. न्यूक्लिओसाइड स्वतः काहीच करत नाही, पेशीतल्या कायनेजनी (फॉस्फेट लावणारी एन्झाइम) त्याला तीन फॉस्फेट लावले तरच तो कामाला लागतो आणि त्यातला पहिला फॉस्फेट बऱ्याचदा सगळ्यात अवघड. म्हणजे तुमचं कंपाऊंड इनअ‍ॅक्टिव्ह आलं तर पॉलिमरेजला ते आवडलं नाही, की फॉस्फेटच लागला नाही, की पेशीत शिरलंच नाही, ह्यातलं काय झालं ते त्या आकड्यावरून कळत नाही. ट्रायफॉस्फेट वेगळा बनवून तपासावा लागतो, आणि तो बनवणं, आयन एक्स्चेंजवर शुद्ध करणं हे चिवट काम आहे.

टॉक्सिसिटी हा न्यूक्लिओसाइडचा जुना घाव. 1993 मध्ये हिपॅटायटिस बीसाठी फियालुरिडिनची ट्रायल चालू होती, 15 पैकी 5 पेशंट गेले, कारण औषध मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएमध्ये जाऊन बसत होतं. म्हणून ह्या क्षेत्रात मायटोकॉन्ड्रियाची टेस्ट लवकर करणाऱ्या ग्रुपलाच मी मान देते. प्रोटीएजवाल्यांचं दुखणं म्हणजे लिव्हर हे रेणू भराभर तोडतं, म्हणून निर्माट्रेलविरबरोबर ते तोडणं अडवणारं रिटोनाविर द्यावं लागतं आणि मग पेशंटच्या बाकी गोळ्यांशी भांडण सुरू होतं. पेप्टाइडसारखा नसलेला रेणू हा त्यावरचा एक रस्ता, जपानच्या शिओनोगीचं एन्सिट्रेलविर तसंच आहे.

व्हायरस कुठला, हे पण बघा. पुण्यात पावसाळा आला की डेंगी आणि चिकनगुनिया घरोघरी, त्यामुळे इथल्या पोरांना त्यावर काम करावंसं वाटतं आणि ते मला फार योग्य वाटतं. पण डेंगीच्या प्रोटीएजची रेणू बसायची जागा उथळ आहे आणि त्याला आर्जिनिन, लायसिनसारखे चार्ज असलेले गट आवडतात, असे रेणू पेशीत शिरायला कुरकुरतात. तिथे कोविडसारखं यश पटकन मिळेल असं समजू नका. पॉलिमरेज मात्र व्हायरस बदलला तरी बराच सारखा राहतो, म्हणून एक न्यूक्लिओसाइड दोन-तीन व्हायरसवर तपासून बघता येतो. बालापिराविर हे न्यूक्लिओसाइड औषध डेंगीच्या पेशंटमध्ये चाललं नाही हे खरं, तरी डेंगी-चिकनगुनियासाठी मी न्यूक्लिओसाइडच म्हणेन, तुमच्यात साखरेच्या केमिस्ट्रीचा पेशन्स असेल तर.

नोकरीचं म्हणाल तर हिंजवडीकडच्या सीआरओंना (कंत्राटावर रिसर्च करणाऱ्या कंपन्या) कपलिंग, कायरल सेपरेशन, झटपट लायब्ररी येणारा माणूस लगेच चालतो. न्यूक्लिओसाइडवाल्याला जागा कमी पण आरएनए औषधांमुळे फॉस्फोरामिडाइट (आरएनए साखळी जोडायचे तुकडे) बनवणाऱ्यांना मागणी आहे.

एमएस्सी प्रोजेक्ट किंवा वर्षभराची जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप) असेल तर डोळे झाकून प्रोटीएज घ्या. पाच वर्षांची पीएचडी असेल तर आधी गाईडना विचारा की टेस्टिंग कोण करणार. पाषाणला एनआयव्हीची (राष्ट्रीय विषाणू संस्था) बीएसएल-4, म्हणजे सगळ्यात धोकादायक व्हायरससाठीची, लॅब आहे म्हणून आपली कंपाऊंड तिथे आपोआप जातील असं नसतं, लेखी कोलॅबोरेशन आहे का, मागच्या विद्यार्थ्याचे रिझल्ट किती दिवसांनी आले, हे त्या विद्यार्थ्यालाच चहाला नेऊन विचारा. ते उत्तर पक्कं नसेल तर न्यूक्लिओसाइड घेऊ नका, रूट कितीही देखणा असला तरी.