जुना स्टिरिओ, हातात फोन: मधे काय लावायचं?

कॅसेटचा बेल्ट कधीच वितळून चिकट झालाय, पण अँप्लिफायर आणि लाकडी पेटीतले स्पीकर ठणठणीत आहेत. असा सेट भंगारात द्यायला जीव होत नाही. मग प्रश्न येतो, ब्लूटूथ अडॅप्टर कुठला घेऊ? मी म्हणतो, आधी सेट भिंतीपासून पुढे ओढा, धूळ पुसा आणि मागची सॉकेटं बघा.

लाल-पांढऱ्या (आरसीए) जोडीवर ऑक्स, सीडी किंवा टेप-इन लिहिलेलं असेल तर काम झालं. फोनो लिहिलेल्या जोडीला मात्र हात लावू नका. ती तबकडीच्या सुईसाठी असते. सुईतून जेमतेम काही मिलिव्होल्ट येतात, म्हणून तिथे सिग्नल प्रचंड वाढवला जातो आणि खर्जही फुगवला जातो. अडॅप्टर तिथे लावलात तर गाणं फाटकं आणि गुबगुबीत ऐकू येईल. जुन्या युरोपियन सेटला पाच पिनांचं गोल डिन सॉकेट असतं. त्यासाठी डिन-टू-आरसीए वायर वेगळी घ्यावी लागते.

मी आधी 250 रुपयांची, पेनड्राइव्हसारखी दिसणारी डोंगल आणली. सिनेमाची गाणी छान वाजली. रात्री ख्याल लावला आणि तंबोऱ्यामागे दुसराच तंबोरा सुरू झाला: बारीक, चिवट घूंऽऽ. हा चार्जरचा गोंगाट. अशा डोंगलमध्ये वीज आणि आवाज यांचा ग्राउंड, म्हणजे परतीची तार, एकच असतो, त्यामुळे चार्जरची घाण थेट स्पीकरपर्यंत पोचते. खात्री करायची असेल तर डोंगल पॉवर बँकेवर लावून बघा. घूं थांबली तर दोष वीजपुरवठ्याकडचा. पण तोच कायमचा उपाय समजू नका, कारण डोंगल इतकी कमी वीज खाते की बऱ्याच पॉवर बँका थोड्या वेळाने आपोआप बंद पडतात. चार्जर बदलून बघा, नाहीतर मधे ग्राउंड लूप आयसोलेटर, म्हणजे दोन्हीकडचे ग्राउंड वेगळे ठेवणारी छोटी डबी, घाला. म्हणजे स्वस्त डोंगलवर आणखी खर्च आलाच.

दीड ते तीन हजारांच्या ब्लूटूथ रिसीव्हरला स्वतःची आरसीए सॉकेटं असतात, बहुतेकदा आवाज स्वच्छ असतो, आणि फोन जवळ आला की तो आपणहून जोडला जातो. पैसे द्यायचे ते यासाठी. खोक्यावरच्या ऑप्टिकल (प्रकाशाने डिजिटल सिग्नल नेणाऱ्या) सॉकेटचा जुन्या सेटला उपयोग नाही. एलडॅक, एपीटीएक्स या अक्षरांनाही भुलू नका; ही ब्लूटूथवरून आवाज दाबून पाठवायच्या पद्धतींची नावं. नेहमीचा एसबीसी साधारण 328 केबीपीएसपर्यंत (सेकंदाला इतके किलोबिट) जातो आणि एलडॅक 990 पर्यंत, हे खरं. पण एलडॅक फोनलाही चालावा लागतो, आणि आयफोन एएसीच्या पुढे जात नाही. माझ्या जुन्या स्पीकरवर डोळे मिटून ऐकताना मला तरी फरक सांगता आला नाही.

आणि साधी वायर? 3.5 मिलिमीटरची पिन एका टोकाला, लाल-पांढरी जोडी दुसऱ्या टोकाला. सगळ्यात स्वस्त, आणि आवाज अजिबात मागे पडत नाही. ब्लूटूथमध्ये तो सेकंदाच्या दहाव्या-पाचव्या भागाइतका उशिरा येतो. व्हिडिओ अॅप बहुधा ते सांभाळून घेतं, पण फोनवर पेटी वाजवून रियाज करणाऱ्याला बोट आणि सूर यांतलं अंतर सहन होत नाही. शिवाय हल्ली कित्येक फोनला जॅकच नसतो, म्हणजे टाइप-सीची छोटी डोंगल आलीच. घरात पडून असलेला जुना टॅबलेट सेटशेजारी कायमचा ठेवणार असाल, तर मी वायरच सुचवेन.

सेट उघडून आत 150 रुपयांचा मॉड्यूल बसवून देणारे मेकॅनिक भेटतील. चालू सेटला भोकं पाडायचं कारण मला दिसत नाही. ज्या सेटला मागे सॉकेटच नाही, तिथे मात्र कॅसेट यंत्रणा जिवंत असेल तर कॅसेटच्या आकाराचा अडॅप्टर, नाहीतर हाच मेकॅनिक.

काहीही लावलंत तरी फोनचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवा आणि कमी-जास्त सेटच्याच नॉबने करा, म्हणजे घरघर दबून राहते. आणि फोनच्या नोटिफिकेशन बंद करा. आमच्याकडे भैरवी ऐन रंगात असताना सोसायटीच्या ग्रुपवरचं ‘टिंग’ दोन्ही स्पीकरमधून आलं, पाण्याच्या टँकरबद्दल.