पिनबॉल बघायला कुठे जावं: अलमीडा की लास वेगस?

कॅलिफोर्नियातल्या अलमीडाचं पॅसिफिक पिनबॉल म्युझियम आणि लास वेगसचं पिनबॉल हॉल ऑफ फेम, दोन्हीकडे पिनबॉलची, म्हणजे काचेखालच्या तिरप्या फळीवर धातूचा चेंडू सोडून गुण मिळवायच्या खेळाची, जुनी यंत्रं हाताने खेळता येतात. पण एकच गाठता येणार असेल, तर मी डोळे झाकून अलमीडा सांगेन.

तिथे दाराशी एकदाच तिकीट काढायचं, मग हवं तितकं खेळा. नाणी मोजायची नसल्यामुळे माणूस चित्रांपुढे निवांत रेंगाळतो. यंत्राची उभी काच जवळून बघाच. चित्र काचेच्या मागच्या बाजूने छापलेलं असतं. आतले दिवे लागले की रंग उजळून निघतात. त्याच दिव्यांच्या उष्णतेने पुढे रंगाचे पापुद्रे सुटतात, म्हणून शाबूत जुनी काच बघायला मिळणं हे भाग्यच. १९४७ साली गॉटलिब कंपनीच्या 'हम्प्टी डम्प्टी' या यंत्राने चेंडू टोलवणारे फ्लिपर आणले. त्या काळातली, गॉटलिबच्या यंत्रांसाठी काढलेली चित्रकार रॉय पार्करची चित्रं आजही किती टवटवीत वाटतात! शिवाय एक यंत्र चक्क पारदर्शक आहे, पोटातल्या सगळ्या तारा दिसतात.

वेगसला प्रवेश फुकट, पैसे प्रत्येक डावाचे. यंत्रांची रेलचेल आहे. मुलांना घेऊन दोन-चार डाव खेळून निघायचं असेल, तर तेच सोयीचं.