मिरजेतल्या रेडिएशन सेंटरचा अनुभव: आईच्या मेंदूतली १४ मिलिमीटरची गाठ

कुपवाड एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे. दिवस सगळा मायक्रॉनच्या हिशोबात जातो. त्यामुळे मिरजेत डॉक्टरांनी 'मिलिमीटरच्या आत नेम धरून रेडिएशन देऊ' असं सांगितलं, तेव्हा मी पहिलं हेच विचारलं, की साहेब, हे मोजता कशानं? या प्रश्नाला तिथं नीट उत्तर मिळालं, म्हणून हे लिहायला बसलोय. सेंटरचं नाव टाकत नाही, कारण पुढे एक तक्रारही आहे आणि ती मी त्यांना लेखी दिली आहे.

आई ६७ वर्षांची, राहते तासगावजवळ गावी. सहा वर्षांपूर्वी तिचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं. यंदा थंडीत भाकरी थापताना उजवा हात साथ देईना. भाकरी काठाला फाटायला लागली, तवली हातातून सुटली. एमआरआय काढला तर मेंदूत डाव्या बाजूला, हात चालवणाऱ्या भागाला लागून १४ मिलिमीटरची एकच गाठ.

डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. एक, सगळ्या मेंदूला दहा दिवस रेडिएशन. दुसरी, फक्त गाठीवर नेमकं आणि जोरदार रेडिएशन, तीन वेळा, एक दिवस आड. पहिल्यात स्मरणशक्ती कमी होण्याचा धोका जास्त. गाठ लहान आणि एकच असल्यानं दुसरी वाट बरी, असं त्यांचं मत पडलं. आमच्या वाटणीच्या बांधापासून भाचरांच्या बारशापर्यंत सगळं आईच्या डोक्यात आहे. आम्हाला निर्णय घ्यायला वेळ लागला नाही.

कागदावर 'रेडिओसर्जरी' वाचून मात्र आप्पा घाबरले, डोकं उघडणार की काय म्हणून. यात चाकू लागत नाही. १९५१ साली स्वीडनचे न्यूरोसर्जन लार्स लेक्सेल यांनी हे नाव दिलं, ते तसंच राहिलं. तिथल्या फिजिसिस्ट ताईंनी, म्हणजे किरणांचा हिशोब आणि मशीनची तपासणी बघणाऱ्या बाईंनी, आप्पांना समजावलं ते मला फार आवडलं. रात्री वावरात साप दिसला की चौघं चार बाजूंनी बॅटऱ्या मारतात. प्रत्येक बॅटरीचा उजेड बेताचाच, पण सगळे झोत पडतात तिथं लख्ख दिसतं. मशीन आईच्या डोक्याभोवती फिरत तसेच किरण सोडणार. वाटेतल्या मेंदूला थोडाथोडा डोस, गाठीवर सगळ्यांची बेरीज. आप्पांनी मान हलवली आणि सही केली.

आता मास्क. कडक प्लॅस्टिकचा जाळीदार पत्रा गरम पाण्यात टाकतात, तो मऊ होऊन पारदर्शक होतो. मग तो चेहऱ्यावर ताणून बसवतात आणि काही मिनिटांत गार होऊन तो नाक, कपाळ, हनुवटीचा आकार धरतो. त्याआधी आईला अंबाडा सोडायला सांगितला. मागं केसांचा उंचवटा राहिला तर डोकं दर वेळी वेगळं टेकतं. चारचौघांत केस सोडायची तिला सवय नाही, ती अवघडली. तिथल्या मुलीनं पडदा ओढला, स्वतः हलक्या हातानं केस मोकळे केले आणि म्हणाली, "आज्जी, तिन्ही दिवस असेच ठेवायचे हं." आई निघताना तिच्या डोक्यावरून हात फिरवून आली.

दुसऱ्या वेळी आम्ही सकाळी लवकर पोचलो. फिजिसिस्ट ताई मशीन तपासत होत्या, त्यांनी मला आत बोलावून दाखवलं. टेबलावर एक बारीक धातूची गोळी, नेमकी मशीनच्या केंद्रावर बसवलेली. मशीन आणि टेबल वेगवेगळ्या कोनांत फिरवून फोटो काढायचे आणि गोळी प्रत्येक वेळी किरणांच्या मध्यावरच येते का ते बघायचं. मी जॉबला डायल लावून रनआऊट बघतो, म्हणजे फिरताना जॉब केंद्रापासून किती हलतो ते, तेच हे काम! चूक एक मिलिमीटरच्या आत असल्याशिवाय पेशंट आत घेत नाहीत. शिवाय आईला टेबलावर घेतल्यावर दर वेळी आधी तिथल्या तिथं स्कॅन. त्या दिवशी ती पहिल्यापेक्षा दीड मिलिमीटर सरकलेली निघाली. टेबल तेवढंच हलवलं, पुन्हा स्कॅन केला, मगच किरण सुरू. एका वेळचा डोस ९ ग्रे होता (ग्रे म्हणजे रेडिएशनचा डोस मोजायचं माप). सगळ्या मेंदूला देतात तेव्हा एका वेळी साधारण ३ ग्रे असतो. एवढा जोर असताना नेम चुकून कसं चालेल? हे डोळ्यांनी बघितलं आणि माझी काळजी निम्मी उतरली.

आत अर्धा तास. दुखत काही नाही. तोंडावर जाळीची नक्षी उमटायची, ती घरी पोचेपर्यंत जायची. हे मशीन, त्याला लिनॅक म्हणतात, विजेवर किरण तयार करतं, मशीन बंद की किरण बंद, अंगात काही उरत नाही. त्यामुळे नातवंडांना जवळ घेतलं तर चालेल का, ही आईची धास्तीही तिथंच मिटली.

आता तक्रार. मेंदूची सूज उतरायला स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या. आईला डायबेटिस आहे, हे फाईलवर पहिल्याच पानावर लिहिलेलं. या गोळ्यांनी साखर चढते आणि घरी रोज तपासावी लागेल, हे आम्हाला कोणीच सांगितलं नाही. पाचव्या दिवशी ती गळून गेली, गावच्या डॉक्टरांनी बघितलं तर साखर ३४० च्या वर. त्यांनी सांभाळून घेतलं म्हणून निभावलं. मशीन रोज सकाळी तपासतात, तशीच गोळ्यांची चिठ्ठीही कोणीतरी तपासायला हवी. दोन वेळा नंबरही तासभर उशिरा लागला, पण त्याचं मला फारसं काही नाही. खर्चाचा अंदाज आधी लेखी दिला आणि बिल तेवढंच आलं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत रेडिएशन उपचार आहेत, पण तुमचा प्रकार बसतो का, हे दाखल होण्याआधीच आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलमधल्या योजनेच्या माणसाला, विचारा.

तीन महिन्यांनी एमआरआय झाला. गाठ ६ मिलिमीटरवर आली आहे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, की हा इलाज दिसणाऱ्या गाठीपुरता असतो. दुसरीकडे नवी गाठ येऊ शकते, किरण दिलेल्या जागीही काही महिन्यांनी सूज येऊ शकते, म्हणून दर तीन महिन्यांनी एमआरआय चुकवायचा नाही. हातातली ताकद बरीचशी आली आहे. भाकरी ती स्वतः थापते, थोडी जाड होते.

जाणार असाल तर जुन्या एमआरआयची सीडी बरोबर घ्या, नुसत्या रिपोर्टवर भागत नाही. आणि म्हाताऱ्या माणसाला नेताना पायमोजे न्या, आतली खोली फार गार असते.